‘सर्कल बॅक करूया’ म्हणजे नक्की कोणी, काय, कधी?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. हिंजवडीतल्या एका आयटी कंपनीत तुम्हाला आठ महिने झाले. बारावीपर्यंतचं शिक्षण मराठी माध्यमात झालं. कामात अडचण नाही, पण मीटिंगमध्ये ‘बँडविड्थ’, ‘सिनर्जी’, ‘लो हँगिंग फ्रूट’, ‘सर्कल बॅक’ सुरू झालं की डोकं उठतं. त्यात परवा मॅनेजर म्हणाले, तुमची ‘व्हिजिबिलिटी’ कमी पडते. आता आपणही असंच बोलायला शिकायचं, की सरळ बोलत राहायचं?

मी या धंद्यात चोवीस वर्षं आहे. सुरुवात टेक्निकल रायटर म्हणून केली. इंजिनिअर जे बोलतात ते सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला कळेल असं लिहायचं, हे ते काम. पुढे त्याच विभागाची प्रमुख झाले, आणि आता कंपन्यांमध्ये जाऊन ईमेल आणि रिपोर्ट लिहायला शिकवते. थोडक्यात, हे शब्द चाळून चाळूनच माझं घर चाललं आहे, तेव्हा त्यांच्यावर नुसतीच आगपाखड करण्याचा अधिकार मला नाही.

तुम्हाला शब्दांचा राग येतो असं तुम्ही लिहिलंय. माझं लक्ष मात्र तुमच्या दुसऱ्या वाक्याकडे गेलं: ‘मीटिंग संपल्यावर मी काय करायचंय ते कळलेलं नसतं, आणि विचारायची लाज वाटते.’ अडचण ही आहे. राग येऊन गेला तर फक्त रक्तदाब वाढतो. काय करायचं ते न कळलं तर अप्रेझल बिघडतं. म्हणून आधी याकडे बघू.

त्यासाठी सगळे शब्द एकाच पोत्यात भरायचं थांबवा. ‘बॅकलॉग’, ‘स्प्रिंट’, ‘रिग्रेशन’, ‘डिप्लॉयमेंट’ ही धंद्याची हत्यारं आहेत. सुतार रंध्याला रंधाच म्हणणार, त्याला ‘लाकूड गुळगुळीत करायचं ते’ म्हणायला लावण्यात अर्थ नाही. ‘स्क्रम’चंच घ्या, म्हणजे छोट्या छोट्या टप्प्यांत सॉफ्टवेअर बनवायची पद्धत. शब्द रग्बीतला. ताकेउची आणि नोनाका या दोन जपानी अभ्यासकांनी १९८६ मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमधल्या लेखात नवं उत्पादन घडवणाऱ्या टीमला रग्बीच्या संघाची उपमा दिली, आणि सॉफ्टवेअरवाल्यांनी ती उचलली. पण आज स्क्रममधला एक टप्पा, म्हणजे स्प्रिंट, म्हटलं की त्याला ठरलेली मुदत असते, जास्तीत जास्त एक महिना. मुदत संपली की काम झालं की नाही हे दाखवावं लागतं. ज्या शब्दाला असं माप लावता येतं तो मुकाट्याने शिकून घ्यावा, त्यावर चिडू नये.

शब्द आपलं दुकान सोडून दुसऱ्याच्या दुकानात जाऊन बसला की गडबड होते. बँडविड्थ ही सिग्नलची असते, हर्ट्झमध्ये मोजतात. ‘माय बँडविड्थ इज लिमिटेड’ म्हणणाऱ्या सीनिअरची मात्र कशात मोजायची? त्याला म्हणायचं असतं ‘वेळ नाही’, आणि पुष्कळदा तर ‘तुझ्या कामासाठी वेळ नाही’.

आता याला लबाडी म्हणायचं का? मी म्हणत नाही. आपल्याकडे स्थळ पसंत नसलं की मुलीकडचे ‘मुलगा आवडला नाही’ असं कधी कळवतात का? ‘पत्रिका जुळत नाही’ असा निरोप येतो, दोन्हीकडचे काय ते समजतात आणि पुढच्या लग्नात पंगतीला शेजारी बसून जेवतात. ‘वुई आर नॉट फुल्ली अलाइन्ड’ ही ऑफिसातली पत्रिका आहे. ‘लेट्स सर्कल बॅक’ म्हणजे आपलं ‘बघू’. पुण्यात कोणी ‘बघू’ म्हटलं की तुम्ही वाट बघत बसता का? नाही ना? मग इथेही बसू नका. हे शब्द नकाराचा कडूपणा कमी करतात आणि तेवढं काम चोख करतात. ऐकणाऱ्याला तो नकार आहे हे कळायला हवं, इतकंच. तुम्हाला अजून कळत नाही, कारण आठच महिने झालेत. वर्षभरात कान तयार होतो.

धंद्याची हत्यारं झाली, गोड नकार झाले. मला खरा राग आहे तो तिसऱ्या जातीच्या शब्दांचा. इथे जरा थांबते.

माझं माहेर कराडकडचं. आजोबांचा गूळ बाजारात जायचा. ते सांगायचे, पूर्वी व्यापारी आणि अडत्या रुमालाखाली हात घालून एकमेकांची बोटं दाबायचे आणि भाव ठरायचा. ज्याचा गूळ तो शेतकरी हातभर अंतरावर उभा असायचा आणि त्याच्याच मालाचा भाव त्याला कळायचा नाही. पुढे उघड लिलाव आले. ऑफिसात काही शब्द अजून त्या रुमालाचं काम करतात.

२००९ ची मंदी. मी तेव्हा होते त्या कंपनीने माणसं कमी करायचं ठरवलं. सगळ्यांना जाणारा मेल माझ्याकडे आला, ‘भाषा जरा सॉफ्ट कर’ म्हणून. मी केली. ‘बदलत्या व्यावसायिक प्राधान्यांशी अलाइन होण्यासाठी आम्ही आमचा रिसोर्स पूल राइटसाइझ करत आहोत’ अशा धाटणीचं ते इंग्रजी वाक्य माझ्या हातचं आहे, आणि तेव्हा मला ते जमल्याचा आनंदही झाला होता. दुसऱ्या दिवशी माझ्याच टीममधला एक मुलगा, दीड वर्षाचा अनुभव असलेला, जागेवर येऊन विचारतो, ‘मॅडम, राइटसाइझ म्हणजे आपली टीम वाढणार का?’ तीन आठवड्यांनी तो यादीत होता. त्या तीन आठवड्यांत त्याने दुसरीकडे अर्ज केले असते, गाडीचं कर्ज काढलं नसतं. मऊ भाषेचा फायदा आम्हाला झाला. किंमत त्याने मोजली.

तेव्हापासून मी माणसाला ‘रिसोर्स’ म्हणत नाही. कोणी ‘दोन रिसोर्स रिलीज करतोय’ म्हटलं की ‘कोण?’ एवढंच विचारते. नावं घ्यावी लागली की आवाज बदलतो. प्रत्येक वेळी निर्णय बदलत नाही, पण दोनदा बदललेला मी पाहिला आहे.

तर शब्द कुठल्या जातीचा हे ओळखायचं कसं? मी वाक्यातला कर्ता शोधते. कोण करणार, काय करणार, कधीपर्यंत करणार, ही तीन उत्तरं वाक्यात आहेत का ते बघते. ‘प्रोसेस स्ट्रीमलाइन करून स्टेकहोल्डर्सना लूपमध्ये ठेवण्यात येईल.’ कोण ठेवणार? कुठली प्रोसेस? कर्ता नाहीसा झाला की समजायचं, एक तर बोलणाऱ्यालाच माहीत नाही, नाही तर त्याला ते सांगायचं नाही.

आणि हे इंग्रजीचं पाप आहे असं मात्र समजू नका. मराठी प्रतिशब्द काढले की दुखणं बरं होईल असं मानणारे खूप भेटतात. शब्द घडवण्याची परंपरा आपल्याकडे आहे आणि मला तिचा अभिमान आहे. शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोश झाला, फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले, आणि त्यामागे राज्य चालवण्याची गरज होती. पण कुठलाही सरकारी कागद उघडा: ‘उपरोक्त विषयान्वये सदर प्रकरणी योग्य ती कार्यवाही करण्यात यावी.’ एकही इंग्रजी शब्द नाही, आणि कोणी काय करायचं ते शोधून दाखवा. आपल्याकडच्या मेलमध्ये हमखास येणारं ‘प्लीज डू द नीडफुल’ त्याचंच इंग्रजी भावंड. ‘योग्य ती’ आणि ‘नीडफुल’, दोघेही समोरच्याला सांगतात की काय करायचं ते तूच ठरव, आणि चुकलास तर तूच चुकलास.

परदेशी क्लायंट असेल तर या धूसरपणाची किंमत वेळेत आणि पैशात मोजावी लागते. दोन प्रसंग सांगते.

पहिला ‘ईओडी’चा, म्हणजे ‘एन्ड ऑफ डे’, दिवस संपेपर्यंत. न्यू जर्सीचा क्लायंट, एप्रिल महिना, म्हणजे आपल्या आणि त्यांच्या घड्याळात साडेनऊ तासांचा फरक. त्याने लिहिलं, बिल्ड (म्हणजे तपासायला तयार सॉफ्टवेअर) सोमवार ईओडीपर्यंत द्या. आमच्या लीडने हिशोब केला की त्यांचे सोमवारचे संध्याकाळचे पाच म्हणजे आपले मध्यरात्रीनंतरचे अडीच, भरपूर वेळ आहे. क्लायंटच्या मनात होता आपला ईओडी. संध्याकाळी साडेसहाला बिल्ड मिळेल, तेव्हा त्यांच्याकडे सकाळचे नऊ वाजलेले असतील आणि त्यांचे टेस्टर कामाला लागतील, असा त्याचा विचार. पाच टेस्टर दिवसभर हातावर हात ठेवून बसले. दोघांचंही काही चुकलं नव्हतं. तेव्हापासून माझ्या टीममध्ये ईओडी बंद. वार, वाजलेले किती आणि कुठल्या देशात, हे लिहायचं.

दुसरा ‘रिव्हर्ट’चा. आपल्याकडे ‘प्लीज रिव्हर्ट’ म्हणजे उत्तर द्या. अमेरिकेत तो अर्थ चालत नाही, आणि गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) वापरणाऱ्या प्रोग्रॅमरसाठी तर रिव्हर्ट म्हणजे केलेला बदल मागे घेणं. आमच्या एका मुलाने तिकडच्या डेव्हलपरचा बदल पाहून दोन शंका लिहिल्या आणि खाली घातलं ‘प्लीज रिव्हर्ट’. त्या सज्जनाने आज्ञा पाळली आणि बदल काढून टाकला. पुढे दोन दिवस कोणाचं काय चुकलं यावर मेल फिरले. (‘टेबल करणं’ही असंच. ब्रिटिश माणूस विषय टेबल करतो तेव्हा तो चर्चेला घेतो, अमेरिकन टेबल करतो तेव्हा बाजूला ठेवतो. एकाच कॉलवर दोघे असले की मजा येते.)

आता तुम्ही प्रत्यक्ष काय करायचं ते सांगते. यातलं बरंचसं तुमच्या मॅनेजरच्या स्वभावावर अवलंबून आहे, आणि तो मला माहीत नाही. प्रश्न विचारलेला आवडणारा माणूस असेल तर मीटिंगमध्येच विचारा. नसेल, किंवा समोर क्लायंट असेल, तर तिथे गप्प बसा आणि बाहेर आल्यावर विचारा. चारचौघांत वरिष्ठाला ‘म्हणजे काय?’ विचारणं हे प्रश्न कितीही निरागस असला तरी टोमण्यासारखं लागतं. सुरुवात स्वतःपासून करावी: ‘माझ्याकडून समजण्यात चूक नको, म्हणून विचारतो. लॉगिनचं मी बघायचं की रिपोर्टचं?’ दोन पर्याय समोर ठेवले की समोरच्याला धूसर उत्तर देणं जड जातं. ‘नेमकं काय करू?’ असा मोकळा प्रश्न टाकलात तर त्यातून आणखी एक ‘सिनर्जी’ बाहेर येईल.

याहून हमखास उपाय लेखी आहे. मीटिंग संपल्यावर दहा मिनिटांच्या आत चार ओळींचा मेल टाका. प्रत्येक ओळीत नाव, काम, दिवस आणि वेळ. बाकी काही नको, ‘ॲज डिस्कस्ड’चा परिच्छेदही नको. आणि जिथे ठरलेलंच नसेल तिथे ओळ गाळू नका, जागा रिकामी सोडा: ‘डेटा मायग्रेशन – कोणाकडे? – तारीख?’ रिकाम्या जागेत मोठी ताकद असते. माझ्या अनुभवात असा मेल गेला की बहुतेक वेळा तासाभरात कोणीतरी ती जागा भरतं, कारण सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ती उघडी पडलेली असते. हे काम कोणी सांगितलेलं नसतं, कोणाला आवडतही नाही, म्हणून नव्या मुलाने केलं तर कोणी अडवत नाही. तीन महिन्यांनी लोक मीटिंगमध्ये काय ठरलं ते तुम्हाला विचारायला लागतात.

धूसर वाक्य सोपं करायचं असेल तर माझी परीक्षा टपरीची आहे. जो माणूस कॉन्फरन्स रूममध्ये ‘कमर्शिअल्सवर सम चॅलेंजेस आहेत’ म्हणतो, तोच खाली चहा घेताना म्हणतो, ‘अरे, क्लायंटने दोन महिन्यांचे पैसे अडवलेत.’ कप हातात आला की भाषा सुधारते. तेव्हा मेल लिहिण्याआधी हे टपरीवर कसं सांगाल ते मनात म्हणून बघा आणि तेच साध्या इंग्रजीत लिहा. शिव्या तेवढ्या गाळा.

आपणही असंच बोलायला शिकावं का, हा तुमचा मुख्य प्रश्न राहिला. समजायला शिकाच, त्यात वाद नाही. बोलण्याबद्दल मात्र मला एक कबुली द्यायची आहे. कराडहून पुण्यात आले तेव्हा माझं इंग्रजी लिहिण्यात बरं आणि बोलण्यात लंगडं होतं. पहिली तीन वर्षं मी याच शब्दांच्या कुबड्या घेऊन चालले. तयार वाक्यांचा मोठा फायदा असा की त्यात व्याकरण चुकत नाही. ‘लेट्स टेक इट ऑफलाइन’ म्हटलं की पुढचं वाक्य जुळवावं लागत नाही. चाळीस-पन्नास अशी वाक्यं पाठ असली की दिवस निभतो आणि कॉन्व्हेंटवाल्यांच्या रांगेत उभं राहता येतं. तेव्हा तुमच्या शेजारचा मुलगा दर वाक्याला ‘बेसिकली’, ‘लिव्हरेज’ आणि ‘गोइंग फॉरवर्ड’ म्हणत असेल तर लगेच हसू नका. तोही तुमच्यासारखाच घाबरलेला असू शकतो, त्याने फक्त वेगळा आडोसा धरलाय. तुम्हाला काही दिवस तोच आडोसा लागला तरी बिघडत नाही. मी कुबड्या टाकल्या त्या इंग्रजी सुधारल्यावर नाही. एका आर्किटेक्टने माझ्या डॉक्युमेंटवर ‘हे वाक्य काय म्हणतंय?’ असं लिहिलं आणि मला उत्तर देता येईना, तेव्हा टाकल्या.

दोन ठिकाणी मात्र मी कंपनीचेच शब्द वापरायला सांगते. एक, क्लायंटचे शब्द. ते ज्याला ‘इनिशिएटिव्ह’ म्हणतात त्याला तुम्ही ‘प्रोजेक्ट’ म्हणू नका, कारण त्यांच्या कागदांत ती दोन वेगळी खाती असू शकतात. दुसरं, अप्रेझलचा फॉर्म. तिथे रकान्याचं नाव ‘ओनरशिप’ असेल तर वाद न घालता त्याखाली आकडा लिहा: रोजचा बिलिंग रिपोर्ट ४० मिनिटं घ्यायचा, मार्चपासून ६ मिनिटं घेतो. मथळा त्यांचा, मजकूर तुमचा. ‘टुक प्रोॲक्टिव्ह ओनरशिप’ असं लिहिणारे त्या ढिगाऱ्यात शंभर असतात, आणि वाचणारा माणूस रात्री दहाला कंटाळून वाचत असतो.

पगारवाढ, बेंच (प्रोजेक्टविना बसणं), पीआयपी (कामगिरी सुधारण्यासाठी दिलेली लेखी मुदत) आणि नोकरी जाणं हे विषय असतील तर मात्र लाज बाजूला ठेवा. तिथे ‘ट्रान्झिशन’, ‘रॅम्प डाऊन’, ‘रोल ऑफ’ असा शब्द आला की त्याच दिवशी, मेलवर, सरळ विचारा: माझं प्रोजेक्ट कुठल्या तारखेला संपतंय आणि त्यानंतर मी कुठे आहे? लेखी उत्तर येत नसेल तर बायोडेटा अपडेट करायला घ्या.

राहिला तो ‘व्हिजिबिलिटी’चा शेरा. तुम्ही तो शब्द तसाच गिळून घरी आलात आणि आठवडाभर झोप घालवलीत. पुढच्या वेळी मॅनेजर एकटे भेटले की विचारा, कुठल्या मीटिंगमध्ये आणि कोणाला मी दिसायला हवा होतो? ‘मंगळवारच्या क्लायंट कॉलवर तू तोंडच उघडत नाहीस’ असं उत्तर आलं तर काम सोपं आहे, पुढच्या मंगळवारी एक मुद्दा तयार करून जा आणि पहिल्या दहा मिनिटांत बोलून टाका. त्यांनाही सांगता आलं नाही, तर समजा की तो शब्द त्यांना वरून मिळाला होता आणि त्यांनी तो खाली ढकलला. मग दर शुक्रवारी त्यांना तुमच्या कामाचा तोच चार ओळींचा मेल पाठवा, म्हणजे त्यांच्या वरच्याने विचारलं तर त्यांच्या हातात काहीतरी असेल. मेल चारच्या आधी गेला पाहिजे. चारनंतर हिंजवडीत सगळ्यांचं लक्ष वाकडच्या ट्रॅफिककडे असतं.